अठ्ठ्याहत्तर नट

ज्ञानबा,

हे तुला सांगायचं मी सोळा वर्षं टाळलं. आधी वाटलं, वातावरण जरा निवळू दे. मग मुलीचं लग्न पार पडू दे, मग मी रिटायर होऊ दे, मग तुझी तब्येत सुधारू दे. प्रत्येक वेळी कारण खरं होतं, म्हणून ते पुरायचं. परवा तुझा दहावा झाला. आता कारण उरलं नाही आणि ऐकणाराही उरला नाही.

तू कधी जन्मलास, कंपनीत कधी लागलास, मागे कोण कोण आहे, हे सगळं तुझ्या गावच्या पोरांनी महाळुंग्याच्या चौकात फ्लेक्सवर लावलं आहे. फोटो तुझा वाटत नाही. तू आयुष्यात कोट घातला नव्हतास, तो त्यांनी कॉम्प्युटरवर घातला. ते वाचून मी घरी आलो. मला एकाच शनिवारबद्दल लिहायचं आहे.

आपली कंपनी तेव्हा भोसरीत होती. गाड्यांच्या सीटखाली बसणाऱ्या लोखंडी पट्ट्या आपण बनवायचो. तू प्रेस शॉपला, पत्रा दाबणाऱ्या मशीनवर, मी स्टोअरला, सगळे मिळून दीडशे माणसं. त्या वर्षी मंदी आली. मोठ्या कंपन्यांनी माल उचलायचं थांबवलं आणि तयार पट्ट्यांचे ढीग माझ्या स्टोअरच्या दारापर्यंत आले. मग एका सकाळी नोटीस बोर्डावर कागद लागला: बेचाळीस माणसं कमी करावी लागतील, शेवटी लागलेली आधी जातील.

त्या दुपारी आपण सगळे कँटीनमध्ये जमलो. तू चहाचा ग्लास हातात धरूनच उभा राहिलास.

"आमच्या इहिरीवर पाच भावांचं पाणी हाय," म्हणालास. "उन्हाळ्यात पाणी उतरलं तर आमी कोणा एकाचं रान बंद करतो का? न्हाई. समद्यांचे तास कमी करतो. पीक समद्यांचं जरा मार खातं, पर कुणाचंच मरत न्हाई."

वेल्डिंगचा कोणीतरी मागून म्हणाला, "ज्ञानबा, तुझ्या विहिरीला फ्लॅटचा हप्ता नसतो रे."

"व्हय, आन साहेबपण नसतो," तू म्हणालास, आणि आठवड्यात पहिल्यांदा माणसं हसली.

तुझं म्हणणं साधं होतं. सहाऐवजी सगळ्यांनी चार दिवस काम करायचं, पगार चार दिवसांचा घ्यायचा आणि ऑर्डरी परत येईपर्यंत एकालाही घरी जाऊ द्यायचं नाही. तू ते घेऊन साहेबांकडे गेलास. साहेब हो म्हणतील असं मला वाटलं नव्हतं. ते म्हणाले, "जबरदस्ती नको. बहुमत आणा, मी लेखी देतो." हे मी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढे जे झालं ते करायला मला साहेबांनी सांगितलं नव्हतं, मॅनेजरनेही नाही. कोणीच नाही.

मतदान गुप्त हवं असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. कागदावर लिहिलं तर अक्षर ओळखतात. नट आणि वायसरची कल्पना माझी. प्रत्येकाला एक नट द्यायचा आणि एक वायसर, नटाखाली बसते ती चपटी चकती. चार दिवसांना हो असेल तर नट डब्यात टाकायचा, नाही असेल तर वायसर. उरलेलं खिशात घालून घरी न्यायचं. तेव्हा माझ्या मनात काही नव्हतं, ज्ञानबा. तू यावर विश्वास ठेवशील का, मला माहीत नाही. कूलंट तेलाचा मोठा रिकामा डबा घेतला, झाकणाला चीर पाडली, कुलूप बसवलं. आवाजावरून नट की वायसर ते कळायला नको म्हणून तू स्वतः तळाशी कॉटन वेस्टचा, मशीन पुसायच्या सुताच्या गुंत्याचा, जाड थर घातलास.

मोजणी माझ्याकडेच असणार होती. नट-बोल्ट आपल्याकडे कोणी हातानं मोजत नाही. काट्यावर दहा नग ठेवायचे, दहाचा आकडा दाबायचा, मग कितीही ओता, काटा नग सांगतो. ज्या खोलीत हजारो नट आणि हजारो वायसर उघड्या खणांत पडलेले असतात, त्याच खोलीत आपण मतं मोजायला नेतो आहोत, हे दीडशे माणसांत एकालाही सुचलं नाही. कुलूप सुचलं, कॉटन वेस्ट सुचलं, हे नाही सुचलं. कारण स्टोअरला मी होतो. कुलपाची चावीसुद्धा तू माझ्या हातात दिलीस. "तुझ्याकडं असली म्हंजी पेटीतच असल्यावानी," म्हणालास.

शनिवारी तीन वाजता पहिली पाळी सुटली, दुसरी आत आली. दोन्ही पाळ्यांनी आणि जनरल शिफ्टनेही गेटजवळ रांग लावून मतं टाकली. मीही टाकलं. नट टाकला. तू समोर उभा होतास म्हणून असेल, किंवा तुझं म्हणणं पडणारच आहे, आपण निदान तुझ्या बाजूला राहू, असा हिशेब असेल. साडेतीनला डबा स्टोअरमध्ये आला. जनरल शिफ्ट सुटली की पाच वाजता सगळ्यांसमोर मोजायचं ठरलं होतं.

आता माझ्याबद्दल सांगतो. दुसऱ्या दिवशी, रविवारी, माझ्या मुलीचं लग्न ठरवायला संत तुकाराम नगरला माणसं येणार होती. मुलगा हिंजवडीला आयटीत. त्याच्या मामाने फोनवर दोनदा विचारलं होतं, "वडील पर्मनंट आहेत ना?" आपल्या कारखान्यांच्या पट्ट्यात पर्मनंट हे कुळाच्या आधी विचारतात, तुला सांगायला नको. सीनिऑरिटीच्या यादीत मी चौथा होतो. बेचाळीस गेले काय, शंभर गेले काय, मला धक्का नव्हता. पण तुझं म्हणणं पास झालं असतं तर सोमवारपासून मी आठवड्यातले दोन दिवस बनियनवर गॅलरीत बसलेला माणूस झालो असतो, अर्ध्या कामावरचा सासरा. एवढंच होतं. भूक नव्हती, कर्जाची तंगी नव्हती. कोणी गळ्याशी सुरा धरला असता तर हे लिहायला सोपं गेलं असतं.

डबा मी नुसता बघायला म्हणून उघडला, असं बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. काट्यावर ओतला, वेगळं केलं, मोजलं. अठ्ठ्याहत्तर नट, बहात्तर वायसर.

तू जिंकला होतास.

बाहेर दुसऱ्या पाळीची पहिली प्रेस सुरू झाली, तिचा धक्का जमिनीतून माझ्या पायांना लागला. मी नटांतून दहा नग उचलले आणि नटांच्या खणात टाकले. शेजारच्या खणातून दहा वायसर घेतले. मोजून घेतले. घाईत हात गेला असं झालं नाही. तळाशी कॉटन वेस्ट नीट पसरलं, सगळं वर ओतलं, कुलूप लावलं. तीस वर्षांत मी स्टोअरचा एक नग इकडचा तिकडे केला नव्हता.

पाच वाजता सगळे खिडकीशी जमले. काटा मी सगळ्यांना दिसेल असा फिरवला. अडुसष्ट नट. ब्याऐंशी वायसर.

तू खिडकीशी वाकून आकडा वाचलास. मग म्हणालास, "वसंता, परत एकदा वत."

मी परत ओतले. आकडा तोच आला. तो काटा खरंच बिनचूक होता.

"काटा बरोबर हाय," तू म्हणालास. "आपलीच माणसं तेवढी हायत." मग आत येऊन नट नटांच्या खणात आणि वायसर वायसरांच्या खणात तू स्वतः ओतलेस. "माल जाग्यावर लागू दे," म्हणालास. मी तुझ्या पाठीकडे बघत उभा होतो. तेव्हाही बोलता आलं असतं, अजून काही बिघडलं नव्हतं. यादी सोमवारी लागायची होती.

रविवारी माझ्या घरी पोहे झाले, लग्न ठरलं. सोमवारी बेचाळीस नावं लागली.

मंदीत नोकऱ्या जातात, ते सगळ्यांना दिसतं. दुसरं गेलं ते मला हळूहळू दिसलं. आधी जेवायला बसलो की डबे मधोमध उघडायचे, कोणाचा हात कोणाच्या भाजीत कळायचं नाही. त्या सोमवारनंतर ज्याने त्याने आपला डबा मांडीवर घेतला. "तू काय टाकलं होतंस?" हा प्रश्न कोणी विचारत नव्हता, पण प्रत्येकाच्या तोंडावर तो होता. राहिलेल्या एकशे आठ माणसांना वाटत होतं की आपल्या शेजारी बसलेल्यानेच त्या बेचाळीस जणांना बाहेर काढलं. दीडशेतले निम्म्याहून जास्त जण निर्दोष होते, आणि हे माझ्याशिवाय कोणालाही कळणार नव्हतं. ज्यांनी वायसर टाकला होता त्यांचाही तो हक्क होता. ते हरले असते आणि चार दिवस कामावर आले असते. मी त्यांना गुन्हेगार केलं.

बेचाळिसांत परभणीचा माधव होता. नवं लग्न झालेलं, खोली सोडायची पाळी आलेली. तू त्याला महाळुंग्याला नेलंस आणि तुझ्या चाळीतली कोपऱ्यातली खोली दिलीस. आता तो हिंजवडीला कंपनीची कॅब चालवतो. परवा दहाव्याला तो माझ्याशेजारी बसला होता. डोकं खाली घालून म्हणाला, "काका, एक सांगू का? मी त्या दिवशी वायसर टाकला होता. वाटलं, चार दिवसांच्या पगारात भागणार नाही. माझं नाव यादीत असेल हे डोक्यातच आलं नाही बघा."

मी विचारलं, "ज्ञानबाला माहीत होतं?"

"पहिल्याच महिन्यात सांगितलं मी. त्यांच्या घरात राहायचं आन लपवायचं, जमंना. ते म्हणले, जाऊ दे रं, ब्याऐंशी जणांनी टाकला, त्यातला तू एक. काकूला म्हणले, ह्याला भाकर वाढ."

सोळा वर्षं हा माणूस तुझ्या पराभवाचा आपला वाटा उचलून हिंडतोय. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, एवढंच. हे छापून आल्यावर त्याला कळेल. समोर सांगायची हिंमत मला तेव्हाही झाली नाही.

आपला वाद तुला आठवतो ना? आठ-नऊ महिन्यांत ऑर्डरी परत आल्या. चार वर्षांनी महाळुंग्याला, तुझ्या गावच्या वेशीला लागून, कंपनीची नवी शेड उभी राहिली. पाचपट माणसं कामाला लागली. गेटवर फळा लागला, स्थानिकांना रोजगार. मी तुला म्हणायचो, "बघ राव, तेव्हा कंपनी तगली म्हणून आज एवढ्या चुली पेटल्या."

तू म्हणायचास, "लागली व्हय मानसं. टिकली किती, ते सांग."

ते मलाही दिसत होतं. सात महिने काम, मग ब्रेक, मग दुसऱ्या ठेकेदाराच्या नावावर परत, नाहीतर नाहीच. तुझ्या चाळीतल्या पोरांच्या गळ्यातली ओळखपत्रं बदलत राहिली. पर्मनंट होतील एवढे दिवस कोणाचे भरूच द्यायचे नाहीत, अशी ती रीत. मी तरी म्हणायचो, धंदा असाच चालतो, लवचिक राहिला तरच टिकतो. तू म्हणायचास, "वाकतंय कोण पर? दर येळी तेच पोर का वाकावं?" वाद तिथेच थांबायचा, कारण वहिनी चहा घेऊन यायच्या, किंवा मला बस पकडायची असायची.

खरं सांगतो, तुझी योजना चालली असती की नाही ते मला आजही माहीत नाही. कदाचित चार दिवसांवर चांगले कारागीर सोडून गेले असते, कदाचित गिऱ्हाईक तुटलं असतं आणि दीडशेच्या दीडशे घरी बसलो असतो. कदाचित चाललीही असती, आणि या पट्ट्यात एक तरी कंपनी अशी झाली असती की जिचं नाव घेऊन पुढची पोरं म्हणाली असती, तिथे जमलं होतं, इथे का नाही. यावर मी वाद घालू शकलो असतो. पण ते दहा वायसर टाकले तेव्हाच माझा वाद घालायचा हक्क संपला. तरी मी तुझ्याशी वर्षानुवर्षं वाद घालत राहिलो, आणि तू मला प्रामाणिक समजून उत्तरं देत राहिलास.

त्या शनिवारनंतर तू कोणाकडे काही मागितलं नाहीस. ते मी पाहिलं, आणि का ते फक्त मलाच ठाऊक होतं. ब्रेक मिळालेली पोरं तुझ्या ओट्यावर आली, "आबा, तुम्ही पुढं व्हा, आम्ही सगळे मागं आहोत," म्हणाली. तू हसलास. "पोरांनो, मी एकदा मोजून घेतलंय," म्हणालास. त्यांना अर्थ कळला नाही. लॉकडाऊनमध्ये कारखाने बंद पडले, चाळीतली पोरं अडकली. तू घरची पोती उघडलीस, वहिनींनी दोन वेळा चूल पेटवली, चाळीस माणसं जेवली. मी फोनवर म्हणालो, "गावातल्या बाकीच्या चाळवाल्यांना पण बोलव की. सगळे मिळून करा." तू म्हणालास, "कशाला? न्हाई म्हणतील. मी करतो ना." तू देत राहिलास, एकटा. मागणं, जमवणं, सगळ्यांनी मिळून काही करू म्हणणं, हे तुझ्यातून गेलं होतं. माणसं ऐन वेळी आपली नसतात, हे तू त्या काट्यावर शिकलास. आणि तो धडा खोटा होता.

माझ्या निरोप समारंभाला तुला बोलायला लावलं. तू दोनच वाक्यं बोललास. "वसंतानं काट्याला कधी खोटं बोलू दिलं न्हाई. बाकी काय सांगू." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी शाल खांद्यावर घेऊन बसलो होतो. काटा खोटं बोललाच नव्हता, हे खरंच होतं.

गेल्या महिन्यात वहिनींचा फोन आला की आता किती दिवस ते सांगता येत नाही, येऊन जा. मी ठरवूनच निघालो. निगडीहून बस पकडली, चाकणच्या रस्त्यावर कंटेनरांच्या रांगेत दीड तास अडकलो. उतरून परत जावंसं वाटलं, पण उतरलो नाही. तुझी खाट खिडकीशी होती. नाकाला नळी. मला बघून म्हणालास, "ये स्टोअर. स्टॉक संपत आलाय बघ."

वहिनी म्हणाल्या, "सकाळपास्नं असलंच बोलत्यात. भावजी, तुमी तरी सांगा."

त्या चहा टाकायला आत गेल्या. मी खुर्ची जवळ ओढली. तोंड उघडलं होतं, ज्ञानबा. पण तू आधी बोललास. थांबून थांबून, दोन शब्दांनंतर श्वास घेत.

"वसंता, एक इचारायचं व्हतं. तू तवा समदं बघत व्हतास. मी समजवायला कुठं कमी पडलो रं?"

तुला कोणता दिवस म्हणायचा होता ते विचारायची मला गरज नव्हती. इतकी वर्षं तू तो शोधत होतास. इहिरीचा दाखला चुकला का, वेल्डिंगवाल्यांशी वेगळं बोलायला हवं होतं का, चारऐवजी पाच दिवस म्हणायला हवं होतं का. मरणाच्या दारात तू स्वतःची चूक शोधत होतास, आणि ती माझ्या खिशात होती.

मी म्हणालो, "लोक घाबरले होते रे. तू काय करणार?"

"असंल," तू म्हणालास आणि डोळे मिटलेस.

म्हणजे मी तुला शेवटच्या भेटीतही फसवलं. सोळा वर्षांपूर्वीचं पाप एका दुपारचं होतं. हे दुसरं मी पूर्ण भानावर, तुझा हात हातात धरून केलं. वहिनी चहा घेऊन आल्या, मी तो प्यायलो. त्या म्हणाल्या, जेवून जा. मी म्हणालो, बस चुकेल. अकरा दिवसांनी तू गेलास.

हे छापायला देतो आहे कारण भोसरीतल्या त्या दीडशेपैकी काही जण अजून आहेत. कोणी गावी गेलं, कोणी नातवंडं सांभाळतं. ज्यांनी नट टाकला त्यांना कळू दे की ते एकटे नव्हते, ते जास्त होते. त्यांनी मला काय म्हणायचं ते म्हणावं. मुलीने वाचलं तर तिनेही. त्याने माझं ओझं हलकं होणार नाही आणि व्हायलाही नको. ज्याला हे ऐकायचं होतं तो एकच माणूस होता, आणि त्याने तर सरळ विचारलं होतं.

बसमध्ये दीड तास मी जे मनात घोकत होतो, ते असं होतं: ज्ञानबा, तू कुठेच कमी पडला नव्हतास. लोकांनी तुझं ऐकलं होतं, एकमेकांसाठी दोन-दोन दिवस सोडायला ती माणसं तयार होती. ती तुझीच होती. मी ती तुझ्यापासून तोडली, आणि तुला आयुष्यभर वाटू दिलं की त्यांनीच तुला सोडलं. माझं चुकलं, ज्ञानबा. मला माफ कर.